जुन्या फाटकापासून नववी

८ जानेवारी

दादा,

पायांवर डोकं ठेवलं आहे असं समज. अकरा वर्षांनी लिहायला बसलो, तर पहिल्या ओळीत काय घालावं यातच तास गेला. शेवटी ही म्हणाली, आधी कामाचं लिहा, लाज मागून येतेच. म्हणून कामाचं लिहितो.

दफनभूमीच्या पश्चिमेचा रस्ता रुंद होणार आहे. त्या बाजूच्या भिंतीलगतच्या चार ओळी जाणार. मोजणीच्या बाई येऊन चुन्याची रेघ मारून गेल्या. नावाजलेल्या लोकांची थडगी उचलून पुढच्या हिरवळीवर नव्या चौथऱ्यावर न्यायची आणि पश्चिमेच्या ओळींतली हाडं गोण्यांत भरून एका खड्ड्यात ठेवायची, असं ठरलं आहे. खोदकाम फेब्रुवारीच्या पंचवीस तारखेला.

नावाजलेले म्हणजे तेच, दीडशे वर्षांपूर्वी लोकांना खेळ दाखवून गेलेले आपले चौघे. त्यांच्याकडे येणारी माणसं आता फार वाढली आहेत. दर रविवारी मास्तर तीस-चाळीस जणांना घेऊन येतात. हे मास्तर म्हणजे चित्रकलेचे, तेव्हाही यायचे, आता निवृत्त झालेत. बोलक्या बाहुलीवाल्याच्या थडग्याशी लोक वाकून "कसं काय" विचारतात आणि बारीक आवाजात स्वतःच उत्तर देतात. जादूगाराच्या थडग्याशी प्रत्येक बाप पोराला सांगतो की आत कुणी नाहीच. विदूषकापाशी मात्र सगळे जरा हिरमुसतात, का ते मला अजून कळलं नाही. आणि सगळ्यांत शेवटी दोरवाली. तिच्यापाशी कुणी बोलत नाही.

काम असं की, दोरवाली आपण दाखवतो त्या जागी नसावी, असा अलीकडे मला संशय येतो आहे. तू तेव्हा म्हणाला होतास, तेच खरं असेल. मग ती त्या चार ओळींत आहे आणि पंचवीस तारखेला गोणीत जाईल. तू एकदा ये. जुनं फाटक कुठं होतं ते दाखव आणि तिथून मोज. ते फाटक पाहिलेलं माणूस आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

वहिनींना नमस्कार. गुडघा कसा आहे?

तुझा धाकटा


१९ जानेवारी

दादा,

उत्तर नाही. टपाल उशिरा पोचतं, असं मनाला सांगतो आहे.

मास्तरांना सांगून पाहिलं. ते छत्री टेकत उभे राहिले. मग म्हणाले, "अहो, माणसं तिथं उभी राहून रडली आहेत. आता त्यांना काय सांगू, रडणं परत घ्या म्हणून?" मला हसू आलं आणि हसलो याचं वाईट वाटलं. मास्तर वाईट नाहीत. त्यांची पुस्तिका निघाली आहे, तिच्यात त्या थडग्याचं चित्र त्यांनी स्वतः काढलं आहे. माणसाला आपल्या हातचं खोटं ठरवणं जड जातं. हे मी दुसऱ्याबद्दल लिहितो आहे, ते तुला दिसेलच.

मोजणीच्या बाईंकडेही गेलो. त्यांच्या नकाशात एकच फाटक आहे, पूर्वेचं, हल्लीचं. पश्चिमेला कधी फाटक होतं असं एकाही कागदावर नाही. तुमच्या वडिलांच्या वहीत काय आहे, त्यांनी विचारलं. वही दाखवली. तीच ओळ, जुन्या वहीवरून आप्पांनी उतरवलेली: दोरावर चालणारी बाई, फाटकापासून तिसरी ओळ, नववी. बाई म्हणाल्या, मग बरोबरच आहे की. पूर्वेच्या फाटकापासून तिसऱ्या ओळीतली नववीच तर तुम्ही दाखवता.

आता त्यांना कसं समजावू की, ज्यानं ती ओळ लिहिली त्याचं फाटक वेगळं होतं? आप्पा रोज पश्चिमेच्या फाटकाचं कुलूप काढून आत यायचे, तिथून ओळी मोजायचे. तू दहाव्या वर्षापासून त्यांच्या मागे पावलं टाकत मोजायला शिकलास. मी गावाकडे आईजवळ होतो, शाळेत पाढे म्हणत होतो. चौदाव्या वर्षी इथं आलो तेव्हा पश्चिमेची भिंत नवी बांधून झाली होती. मी आलो तो पूर्वेच्या फाटकातून. माझ्या लेखी दफनभूमी तिथूनच सुरू होते.

दोरवालीची जागा ठरवली त्या दिवशी मास्तर आणि गावातली चार मोठी माणसं समोर असताना तू म्हणालास, "हे ते फाटक नाही." आणि मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. मी म्हणालो, तुला वहीतली ओळ धड वाचता येत नाही, मला येते. कुणाची शाळा कुणामुळे बंद पडली आणि कुणाची कुणामुळे चालू राहिली हे त्या मोठ्या माणसांना माहीत नव्हतं. तुला आणि मला माहीत होतं.

ये, दादा. अजून महिना आहे.

तुझा धाकटा


२ फेब्रुवारी

दादा,

ही पत्रं तुला वहिनी वाचून दाखवत असणार. वहिनी, एक विनंती आहे. पुढची एकही ओळ गाळू नका. मला सांभाळून घ्याल, म्हणून मुद्दाम लिहितो.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की अलीकडे संशय येतो आहे. ते खोटं आहे. मला सात वर्षांपासून माहीत आहे.

पाणी तुंबतं म्हणून पश्चिमेच्या भिंतीशी चर खणत होतो. हातभर खाली पहार वाजली. माती काढली तर उंबऱ्याचा दगड, मधोमध झिजलेला, एका टोकाला फाटकाच्या खिळीचं भोक. तुझं फाटक. त्यावर उभा राहिलो आणि मोजलं. तिसरी ओळ, नववी. तिथं गवतात एक बुटका दगड आहे, नावाशिवाय. मी तिथं दिवस मावळेपर्यंत बसलो.

मग काय केलं ते लिहितो. उंबऱ्याचा दगड घणानं फोडला आणि त्याचे तुकडे चराच्या तळाशी टाकून माती लोटली. त्याच्या आदल्या रविवारी वर्तमानपत्रात माझा फोटो आला होता, दोरवालीच्या थडग्याशेजारी उभा. हिनं तो कापून भिंतीवर लावला होता. एवढंच कारण. त्याहून मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

अजून एक आहे. आपण दाखवतो त्या दगडावर अक्षरं पुसली गेली होती, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. पुसट होती, पण होती. डोळ्यांना दिसत नव्हती, बोटांना लागत होती. तुला ठाऊक आहे, मला बोटांनी वाचता येतं, रखवालीच्या जोडीला दगडांवर अक्षरं कोरण्याचीच भाकर खातो. वरच्या दोन ओळी लागल्या नाहीत. शेवटचा शब्द लागला. आई. कुणाची तरी आई होती ती. मी तो दगड घासून सपाट केला आणि त्यावर दोरवालीचं नाव कोरलं. सुंदर कोरलं. माझ्या हातून इतकी चांगली अक्षरं पुन्हा उतरली नाहीत.

म्हणजे मी दोघींना बुडवलं. एकीला जागेवरून आणि एकीला नावावरून.

हे सगळं मी देवाजवळ सात वर्षं रोज सकाळी कबूल करतो आहे. तिथं सोपं जातं, कारण ऐकणारा उलट बोलत नाही. तुझ्याजवळ कबूल करायला सात वर्षं लागली.

दगड मीच फोडला, त्यामुळे आता पुरावा म्हणून फक्त तू आहेस.

धाकटा


११ फेब्रुवारी

दादा,

काल कार्यालयात लेखी अर्ज घेऊन गेलो. उंबरा, चर, घण, सगळं लिहिलं होतं. मोजणीच्या बाईंनी तो उभ्यानं वाचला, मग खाली बसून वाचला. त्यांनी जुनी फाइल मागवली. फाइल घेऊन आलेला कारकून तेव्हाचाच, आता त्याचे केस पांढरे झालेत. फाइलमध्ये वरच माझा दाखला होता: हेच दोरवालीचं थडगं, मी जातीनं तपासलं आहे. खाली माझी सही. बाई रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "काका, ही सहीपण तुमचीच आहे. मी कुठली खरी धरू?"

त्याच्या खाली तुझा तक्रारीचा कागद होता, कुणाकडून तरी लिहून घेतलेला. तो असणार हे मला माहीत होतं. त्याच्याखाली आणखी एक कागद होता. तो मला माहीत नव्हता.

तुझं अक्षर. पाटीवर पोरं काढतात तसं एकेक वेगळं. "माझी चूक झाली. फाटक एकच होते. धाकट्याचे बरोबर आहे." तारीख तू हे गाव सोडून गेलास त्याच्या आदल्या दिवसाची.

मी अकरा वर्षं समजत होतो की तू तोऱ्यात निघून गेलास. हिलाही तसंच सांगत आलो. कारकुनाला विचारलं, हे कसं काय. तो आधी टाळत होता. मग म्हणाला, "तुमच्या भावानं मला एकच विचारलं होतं. माझं खरं ठरलं तर याची नोकरी जाईल का? मी म्हटलं, जाईल, आणि फाटकाशेजारची खोलीपण जाईल. मग त्यांनी कोरा कागद मागितला. तीन ओळी लिहायला त्यांना पाऊण तास लागला."

दादा, मी तिथं खुर्चीवर बसून राहिलो. त्या पाऊण तासात मी कुठं होतो? बहुतेक छिन्नीला धार लावत असेन.

बाईंनी माझा अर्ज परत माझ्या हातात दिला. म्हणाल्या, हा दाखल करून घेतला तर चौकशी लागेल, तुमच्यावरही आणि भावावरही, दोघांनी खोटं लिहून दिलं म्हणून, आणि तरी खोदकाम थांबणार नाही. भाऊ स्वतः येऊन जागेवर उभे राहिले आणि फाटकाची जागा दाखवून मोजून दिली, तर मी चार दिवस थांबवून नव्यानं तपासायला लावू शकते. तोवर हा घरी न्या.

आणि मी तो घरी आणला. भांडायला हवं होतं, टेबलावर ठेवून निघून यायला हवं होतं. मी घडी घालून खिशात ठेवला आणि त्यांचे आभार मानले.

धाकटा


१५ फेब्रुवारी

दादा,

दुपारी वहिनींचा फोन आला. अकरा वर्षांनी त्यांचा आवाज ऐकला, तर पहिलं वाक्य, "भाऊजी, जेवलात का?" त्यांनी सांगितलं की पत्रं सगळी पोचली, सगळी वाचून दाखवली, काही गाळलं नाही. तू ऐकून घेतोस आणि पत्र मागून उशाखाली ठेवतोस. मी म्हटलं, त्याला फोन द्या. त्यांनी तुला विचारलेलं मला ऐकू आलं. तू काहीतरी पुटपुटलास. मग वहिनी म्हणाल्या, "ते म्हणतात, त्याला विचार, थडगं हवंय की भाऊ?"

दादा, मी गप्प राहिलो. वहिनींनी वाट पाहिली. मी गप्पच. मग त्या म्हणाल्या, बरं, ठेवते.

ही बाजूला उभी होती. तिनं वाढलेलं ताट उचलून आत नेलं आणि आतून म्हणाली, "एवढं सोपं कुणी शाळेत विचारलं असतं तर पहिला हात वर केला असता तुम्ही."

मी गप्प का राहिलो ते सांगतो. भाऊ म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात मनात आलं, पंचवीस तारखेला दहाच दिवस राहिले. तो विचार आला आणि माझी मलाच किळस आली. इतक्या वर्षांनी लिहायला बसलो ते तुझ्यासाठी नव्हतं, हे तू पहिल्याच पत्रात ओळखलंस. गुडघ्याची चौकशी मी शेवटच्या ओळीत केली होती.

म्हणून आता स्पष्ट लिहितो. येऊ नकोस. तू येऊन मोजलंस तर तुझाच कागद तुझ्याविरुद्ध पुढे येईल आणि चार लोकांत तू खोटारडा ठरशील. एकदा माझ्यासाठी खोटं लिहिलंस, आता माझ्यासाठीच ते मोडायला ये म्हणणं हे माझ्याच्यानं होणार नाही. दोरवालीचं जे व्हायचं ते होईल. तू येऊ नकोस.

धाकटा


२६ फेब्रुवारी

दादा,

पंधरा तारखेचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत चूक कळली. परत गेलो. पेटीच्या तोंडात हात घालून पाहिला, कोपरापर्यंतही जात नाही. टपालवाल्याची वाट पाहत उभा राहिलो. तो आला आणि म्हणाला, टाकलेलं पत्र परत देता येत नाही, नियम आहे. मी पाया पडायला गेलो तर बिचारा घाबरला.

आज वहिनींचा फोन आला होता. त्यांनी सांगितलं ते तुझ्याकडून कधी कळलं नसतं. फोन ठेवल्यावर दोन दिवसांनी तू स्वतःच म्हणालास, पिशवी भर. वीस तारखेच्या सकाळच्या गाडीनं निघणार होतास. गुडघ्याला पट्टी बांधून, चपला घालून दारात बसला होतास, रिक्षाची वाट बघत. तेवढ्यात पोस्टमन आला. तू वहिनींना म्हणालास, वाच. त्यांनी वाचलं. तू दुपारपर्यंत तसाच दारात बसलास आणि मग चपला काढल्यास.

वहिनी म्हणाल्या, मी त्यांना म्हटलं होतं, तरी जा. ते म्हणाले, तो नको म्हणतो आहे.

मला वीस तारखेला हे कळलं असतं, तर मी पळत आलो असतो. असं लिहितो आहे खरं, पण वीस ते पंचवीस मी तरी कुठं फोन केला? रोज रिसीव्हर उचलत होतो. तू आला नाहीस म्हणजे माझं ऐकलंस असं वाटायचं आणि लगेच वाटायचं, इतकं कसं ऐकलंस.

काल खोदलं. सहा माणसं होती आणि एक मुकादम. सकाळी सातला पश्चिमेच्या भिंतीपासून सुरू केलं. पांढऱ्या गोण्या, त्यांवर लाल रंगानं आकडे. माणसं चांगली होती, कवटी दिसली की बोलणं थांबवायची. तिसऱ्या ओळीशी आले तेव्हा मी मुकादमाला म्हटलं, नववी मी काढतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "काका, तुमचं कुणी आहे का?" मी म्हटलं, आमच्या वडिलांच्या ओळखीची आहे. तो म्हणाला, मग काढा, सावकाश काढा.

उंबरा नसताना, नुसत्या आठवणीवर मोजलेली नववी. ती तीच की शेजारची, हे देव जाणे. मी हातांनी माती काढली. फार काही नव्हतं. बाजारच्या दोन मनोऱ्यांमध्ये बांधलेल्या दोरावरून जाणारी बाई, गोणीत भरली तर तान्ह्या लेकराएवढीही भरली नाही. एकेचाळीस नंबर. खड्ड्यात ठेवताना मी तिचं नाव तिच्या कानात सांगावं तसं हळू म्हटलं. तिचं असेल तर तिला पोचलं. दुसऱ्या कुणाचं असेल तर मी आणखी एकदा चुकलो.

संध्याकाळी रोलर फिरला. आता तिथं तिसरी ओळ नाही आणि नववीही नाही. तू आलास तरी मोजायला काही उरलेलं नाही, त्यामुळे आता तुला बोलावताना माझ्या मनात दुसरं काही असू शकत नाही. ये, दादा. किंवा मी येतो. वहिनींना सांग, मला एकच शब्द कळवा.

धाकटा


६ मार्च

दादा,

शब्द आला नाही. वाट पाहतो आहे.

काल नव्या चौथऱ्याचा कार्यक्रम झाला. चारही दगड ओळीनं बसवले आहेत, भोवती साखळी, मधून खडीची वाट. दोनशेच्या वर माणसं होती. मोजणीच्या बाईही आल्या होत्या, मागे उभ्या होत्या. बोलक्या बाहुलीवाल्याची, जादूगाराची आणि विदूषकाची गोष्ट मास्तरांनी सांगितली. दोरवालीपाशी आल्यावर ते म्हणाले, ही मात्र आपण इथल्या रखवालदारांच्याच तोंडून ऐकू, आणि माझा हात धरून मला वर घेतलं.

मी तयार होतो. सकाळी देवापुढे बसून एकेक वाक्य जुळवलं होतं, तुला सांगतो. या दगडाखालच्या बाईचं नाव मला माहीत नाही. ती कुणाची तरी आई आहे. जिचं नाव वर आहे ती रस्त्याखालच्या खड्ड्यात आहे. हे मी केलं. माझ्या थोरल्या भावानं तेव्हाच सांगितलं होतं. पाच वाक्यं होती. पाढ्यांसारखी पाठ केली होती. अर्जही खिशात होता.

वर चढलो. पुढे एक म्हातारे गृहस्थ काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते, कान माझ्याकडे केलेला. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, मंडळी, ही दोरवाली.

मग पुढचं आपोआप आलं. दोन मनोरे, मध्ये ताणलेला दोर, डोक्यावर पेटता दिवा, खाली सगळा बाजार मान वर करून. मध्यावर येऊन ती थांबायची, पदराची सुई काढायची आणि तिच्यात दोरा ओवायची. इथं मी नेहमी थांबतो. कालही थांबलो. दोनशे माणसांत कुणी खोकलं नाही. मी बोटांत सुई धरली आहे असं दाखवून दोरा ओवला, आणि सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. एक बाई डोळे पुसत होत्या. मोजणीच्या बाई खाली बघत होत्या.

खाली उतरल्यावर मास्तरांनी मला मिठी मारली. म्हणाले, इतक्या वर्षांत इतकी चांगली तुम्ही कधी सांगितली नव्हती.

दादा, खरंच चांगली झाली होती.